घोट्याची फाईल

घोट्याच्या दुखापतीवरून अपंगत्व पेन्शन मागायला फाईल घेऊन आलेला माजी सैनिक खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतो, "साहेब, किती टक्के बसतंय?" गेवराईचा असो, देगलूरचा असो की औशाचा, पहिला प्रश्न हाच. मी टक्क्यांचं पान शेवटी उघडतो. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ, म्हणजे बोर्ड, जो फॉर्म भरतं, एएफएमएसएफ-१६, त्यात टक्केवारीच्या अगोदर एक लहानसा तक्ता असतो. दुखण्याचं नाव, पुढे 'सेवेमुळे झालं का', त्यापुढे 'सेवेमुळे वाढलं का' आणि शेवटी कारण. दोन्ही प्रश्नांपुढे 'नो' पडलं असेल तर खाली वीस टक्के लिहिलेले असोत नाहीतर साठ, पेन्शनसाठी धरायचा आकडा 'निल'. फौजेत या शेऱ्याला 'नाना' म्हणतात: नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड. घोट्याच्या ज्या फायली माझ्या टेबलावर येतात, त्यांतल्या बहुतेकींचा गळा या नानानेच धरलेला असतो.

लष्करातली कारकुनी संपल्यापासून हेच कागद चाळतोय, म्हणून सांगतो. घोट्याचा दावा निवृत्तीच्या दिवशी सुरू होत नाही. पाय मुरगळला त्या दिवशी तो सुरू होतो आणि पुष्कळदा त्याच दिवशी बिघडलेला असतो.

घोटा जातो कुठे? बीपीईटीत, म्हणजे फौजेच्या शारीरिक चाचणीत, पाच किलोमीटर पळून झाल्यावर नऊ फुटी खंदकावरून उडी मारताना. रात्रीच्या गस्तीत दगडावर बूट घसरून. आणि सगळ्यात जास्त व्हॉलीबॉलच्या जाळ्याखाली, समोरच्याच्या पंजावर उतरताना. पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा पुढचा लिगामेंट ताणतो किंवा फाटतो. डॉक्टर त्याला एटीएफएल म्हणतात. जवान लंगडत एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात जातो. क्रेप बँडेज, गोळ्या, तीन दिवस 'अटेंड सी', म्हणजे पूर्ण आराम. चौथ्या दिवशी सूज उतरते, तो फॉलइनला उभा राहतो. मुरगळलेल्या पायासाठी कोण कागद करत बसतं? पण फाटलेला लिगामेंट कधीकधी लांबट होऊन जुळतो, ढिल्या नाडीसारखा. मग सहा महिन्यांनी तोच पाय पुन्हा मुरगळतो, वर्षाने पुन्हा. आठ-दहा वर्षांनी सांध्याची कूर्चा घासली जाते, एमआरआय होतो, मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फौजेने ठरवलेली तब्येतीची श्रेणी, खाली येते. तोवर पहिल्या दिवसाचा पुरावा म्हणजे एमआय रूमच्या रजिस्टरातली एक ओळ, आणि ते रजिस्टर कुठल्या युनिटबरोबर कुठे गेलं कुणास ठाऊक.

पहिल्या दिवशी हवा असतो तो इंज्युरी रिपोर्ट, आयएएफवाय-२००६. एकच फॉर्म, पण त्यात चार गोष्टी नीट लागतात: दुखापतीची तारीख-वेळ-जागा, त्या वेळी जवान ड्युटीवर होता की नव्हता, चूक त्याची होती का, आणि कमांडिंग ऑफिसरचा शेरा. डॉक्टर दुखापत किरकोळ, मध्यम की गंभीर ते लिहितो. गंभीर असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसते. सेवेत असलेल्या पोरांना माझं एकच सांगणं असतं: प्लास्टर चढलं किंवा सहा आठवडे कॅटेगरी खाली आली, की रजेवर निघायच्या आधी ऑफिसात जाऊन हा रिपोर्ट झालाय का ते विचारा आणि मोबाईलवर फोटो घ्या. कारकुनाला राग येईल, येऊ द्या.

खेळाच्या बाबतीत एक बारकावा आहे. युनिटने ठरवलेला, परवानगी असलेला खेळ ड्युटीत धरतात. संध्याकाळी बराकीमागे चार जणांनी मिळून खेळलेला धरतीलच असं नाही. त्यामुळे रिपोर्टात नुसतं 'व्हॉलीबॉल खेळताना' असं न येता 'गेम्स परेडमध्ये' किंवा 'आंतर-कंपनी स्पर्धेत' असं यायला पाहिजे, अर्थात खरं असेल तर.

रजेचा घोळ आपल्याकडे फार. वार्षिक रजेवर गावी आलेला जवान पावसाळ्यात काळ्या रानात बांधावरून घसरला किंवा मोटरसायकलवरून पडला, तर ती दुखापत सेवेची धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जुझार सिंग प्रकरणात हेच म्हटलं. तो जवान वार्षिक रजेवर घरी असताना स्कूटरच्या अपघातात जखमी झाला होता. ड्युटीच्या ठिकाणाहून रजेच्या गावाला जातानाचा किंवा परतीचा प्रवास मात्र वेगळा. सचखंड एक्सप्रेसने नांदेडला येताना फलाटावर पाय मुरगळला तर तिकीट, रेल्वे वॉरंट आणि स्टेशनवर काही नोंद झाली असेल तर ती, हे सगळं जपून ठेवायचं.

उलट प्रकारही होतो आणि तो जास्त वाईट. पाय मुरगळलेला असतो युनिटमध्ये, पण जवान दुखणं अंगावर काढतो आणि रजेवर आल्यावर हाडवैद्याकडून पाय बसवून घेतो, नाहीतर अंबाजोगाईत किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात एक्स-रे काढतो. पहिला लेखी कागद रजेतल्या तारखेचा. पंधरा वर्षांनी बोर्ड म्हणतं, दुखापत रजेत झाली. हाडवैद्याचा तर कागदच नसतो. गावी डॉक्टरला दाखवायचंच असेल तर चिठ्ठीवर 'अमुक महिन्यापूर्वी युनिटमध्ये दुखापत' एवढी हकीकत लिहून घ्यायची. एका ओळीचं काम आहे.

इंज्युरी रिपोर्ट नसेल तर दावा संपला असं नाही. हॉस्पिटलात भरती झाली असेल तर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्याची अधिकृत लेखी नोंद, निघालेली असते. त्यात तारीख असते. डिस्चार्ज स्लिप, केस शीट, कॅटेगरी ठरवणाऱ्या बोर्डाचे एएफएमएसएफ-१५ फॉर्म, हे सगळे तारखांचे साक्षीदार. फौजेत तब्येतीची श्रेणी 'शेप' या पाच अक्षरांत लिहितात; पायाची कॅटेगरी त्यातल्या 'ए'खाली येते. ए-२ किंवा ए-३ कधी झालं ते बघून मागे मागे जायचं. त्या वेळी सोबत असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं जोडता येतात, पण ती आधार म्हणून. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर दावा उभा राहताना मी क्वचितच पाहिलाय.

आता दुखण्याच्या नावाकडे. इथे जे चुकतं ते डॉक्टरांनाही पटकन दिसत नाही. बोर्डाच्या फॉर्मवर निदानाच्या शेजारी आयसीडी कोड, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक, असतो. एस-८२.६ म्हणजे घोट्याच्या बाहेरच्या हाडाचं फ्रॅक्चर, एस-८२.५ आतल्या हाडाचं, एस-९३.४ घोट्याची लचक. एस अक्षराचे कोड दुखापतीचे. एम अक्षराचे कोड सांध्याच्या आजाराचे. जुन्या फ्रॅक्चरमुळे झिजलेल्या घोट्याला एम-१९.१ लागतो, म्हणजे दुखापतीनंतरची झीज. पण घाईत एम-१९.० पडला, तर त्याचा अर्थ होतो आपोआप आलेली झीज. फरक एका आकड्याचा, आणि त्या आकड्यावर कारणाचा रकाना वयाकडे बोट दाखवतो. गुडघा वयाने झिजतो हे सगळ्यांना ठाऊक आहे; घोट्याची झीज मात्र बहुधा जुन्या दुखापतीचीच असते, हे वैद्यकशास्त्रात मान्य आहे. अपिलात हा मुद्दा ऑर्थोपेडिक सर्जनच्या लेखी मतासह मांडला की वजन पडतं. फाईल हातात घेतली की कोड वाचा. निदानाचं नाव 'पोस्ट ट्रॉमॅटिक' आणि कोड भलताच, असा विसंवाद दिसला तर तो अपिलाचा पहिला परिच्छेद.

बोर्डाच्या दिवसाबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथे फुकटचं नुकसान होतं.

एएफएमएसएफ-१६ चा पहिला भाग जवानाने स्वतः भरायचा असतो. कुठे कुठे नोकरी झाली, कोणतं ठाणं शांततेचं, कोणतं फील्ड, दुखणं कधी आणि कसं सुरू झालं. 'कसं सुरू झालं' या जागी 'पाय दुखतो' असं लिहून सह्या केलेले फॉर्म मी पाहिलेत. तिथे तारीख, ठिकाण आणि काम लिहायचं: 'अमुक दिवशी बीपीईटीच्या सरावात खंदकाची उडी घेताना डावा घोटा मुरगळला, एमआय रूममध्ये उपचार.' पुढे कमांडिंग ऑफिसरचा भाग येतो. त्यात आणि इंज्युरी रिपोर्टात विसंगती असेल तर बोर्डाच्या आधीच दुरुस्त करून घ्यावी. नंतर ते अधिकारी बदलून गेलेले असतात.

एक्स-रे उभं राहून काढलेला पाहिजे. झोपून काढलेल्या फोटोत सांध्यातली फट चांगली दिसते. अंगाचं वजन पडलं की खरी फट कळते. समोरून, बाजूने, आणि पाऊल पंधरा-वीस अंश आत वळवून काढलेला तिसरा, ज्याला मॉर्टिस व्ह्यू म्हणतात. दोन्ही घोट्यांचे काढले तर तुलना होते. एक्स-रे टेक्निशियनला 'वेट बेअरिंग' हे दोन शब्द सांगितले की पुरतं.

मग गोनिओमीटर, म्हणजे कोन मोजायची पट्टी. निरोगी घोट्यात पंजा नडगीकडे वर साधारण वीस अंश येतो आणि खाली चाळीस ते पन्नास अंश जातो. वर येण्याची हालचाल गुडघा वाकवून मोजली तर जास्त भरते आणि गुडघा सरळ ठेवून मोजली तर कमी, कारण पोटरीचा एक स्नायू गुडघ्यावरून जातो. अहवालात गुडघा कसा होता ते लिहिलेलं नसलं तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. दोन्ही मोजमापं लिहा, अशी नम्रपणे विनंती करायला हरकत नाही. पोटरीचा घेर गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली, दोन्ही पायांचा मोजतात. दीड-दोन सेंटिमीटरचा फरक खोटा आणता येत नाही. तो वापर कमी झाल्याचा पुरावा आहे. ढिला घोटा तपासताना डॉक्टर नडगी धरून टाच पुढे ओढून बघतात. त्या वेळी पाय आखडून धरला तर ढिलेपणा झाकला जातो आणि अहवालात 'स्टेबल' असं पडतं. पाय सैल सोडायचा, दुखलं तरी.

लंगडण्याचं नाटक करू नये. अनुभवी सर्जन बूट हातात घेऊन तळ बघतात. खरोखर अस्थिर घोट्याच्या माणसाचा बूट टाचेच्या एका कडेला झिजलेला असतो, दुसरा बूट सरळ. नवे कोरे बूट घालून गेलात तर हा मुका साक्षीदार घरी राहतो. रोज वापरायचा ब्रेस सोबत न्यावा. सकाळी दुखण्याची गोळी घेऊन जाऊ नये. नियमित चालू असेल तर तसं सांगावं. काय जमत नाही ते कामाच्या भाषेत सांगावं: उकिडवं बसलं की टाच उचलते, जिना उतरताना पाय आडवा टाकावा लागतो, नांगरटीच्या ढेकळांतून पन्नास पावलं चाललं की घोटा वळतो. 'लई दुखतंय' हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

टक्के आता. वीसची रेघ महत्त्वाची. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याला वीस टक्क्यांच्या खाली डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एस. पी. राठोड प्रकरणात ते पक्कं केलं. म्हणून लचकेच्या फायलीत '१५ ते १९' असा आकडा दिसला की जीव कळवळतो. दुखण्यामुळेच मुदतीआधी सेवेतून काढलं असेल, म्हणजे इनव्हॅलिड आउट, तर गोष्ट वेगळी. २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालाप्रमाणे अशा माणसाचं अपंगत्व वीसच्या वर आहे असंच धरायचं. त्याला सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे सेवेबद्दलचा भागही मिळतो, तिथे किमान सेवेची अट आड येत नाही.

हिशेब सोपा आहे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, आणि खाली त्या प्रमाणात. समजा हवालदाराचं मूळ वेतन ४२,८०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, एकूण ४८,०००. त्याचे तीस टक्के १४,४००. वीस टक्के अपंगत्वाला २,८८० रुपये. पण ब्रॉड बँडिंग नावाचा नियम आहे: पन्नासच्या खालचं अपंगत्व पन्नास धरायचं, पन्नास ते पंचाहत्तर हे पंचाहत्तर, त्यावरचं शंभर. म्हणजे वीसचे पन्नास होतात आणि २,८८० चे ७,२००. वर महागाई भत्ता. ही सवलत सुरुवातीला फक्त इनव्हॅलिड आउट झालेल्यांना, १ जानेवारी १९९६ पासून होती. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने ती मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही लागू झाली. बीड-परभणीकडच्या खेड्यांत आजही असे पेन्शनर सापडतात ज्यांना २०-३० टक्क्यांचाच एलिमेंट मिळतोय आणि ब्रॉड बँडिंगचा अर्ज कधी गेलेलाच नाही. त्यांचा नानाशी झगडा नाही; त्यांचं काम सगळ्यात सोपं.

दोन दुखणी असतील, घोटा आणि कमी ऐकू येणं समजा, तर टक्के सरळ बेरजेने धरत नाहीत. एकत्रित आकडा बेरजेपेक्षा कमी येतो. आणि त्यातलं एक जरी नाना असेल तर पेन्शनच्या आकड्यातून ते वगळतात. फॉर्मवर 'कंपोझिट' आणि 'नेट' असे दोन वेगळे आकडे का, ते यामुळे.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे पात्रतेचे नियम, आले आहेत. त्या तारखेनंतर मुदत संपवून निवृत्त होणाऱ्यांच्या कागदावर 'डिसॅबिलिटी एलिमेंट' ऐवजी 'इम्पेअरमेंट रिलीफ' दिसेल. वरचा हिशेब जुन्या नियमातल्या लोकांचा आहे. नव्यांनी शेजाऱ्याच्या पीपीओवरून, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरून, स्वतःचा आकडा काढू नये.

नामंजुरीचं पत्र आलं की पहिलं काम म्हणजे पाकिटावरची तारीख. पहिल्या अपिलाला सहा महिने मिळतात. पत्र गावच्या पोस्टात पडून राहतं, त्यातून २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. रेकॉर्डवरचा पत्ता जुना असेल तर तो दुरुस्त करून घ्यावा, म्हणजे पुढची पत्रं भटकणार नाहीत. अपील लष्करी मुख्यालयातल्या पहिल्या अपील समितीकडे, पण जातं आपले सेवेचे कागद ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडा आणि मेकनाइज्डचं अहिल्यानगरला, ईएमईचं सिकंदराबादला, सिग्नल्सचं जबलपूरला.

अपील लिहायच्या आधी स्वतःचे कागद हातात पाहिजेत. नसतील तर माहितीच्या अधिकारात मागवायचे. लष्कर या कायद्यातून वगळलेलं नाही. ऑनलाईन दहा रुपये, नाहीतर दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर; प्रती दोन रुपये पान; उत्तर तीस दिवसांत. 'माझ्या सेवेसंबंधी सर्व माहिती द्या' असं लिहिलं की मोघम उत्तर येतं. नावं घेऊन मागा: एएफएमएसएफ-१६ ची पूर्ण प्रत, सगळे एएफएमएसएफ-१५, आयएएफवाय-२००६, कोर्ट ऑफ इन्क्वायरीची कार्यवाही, हॉस्पिटलात भरती झाल्याच्या पार्ट टू ऑर्डर, फौजेत भरती होतानाचा वैद्यकीय तपासणीचा कागद. सागर, जबलपूरला हिंदीत लिहिलेलं बरं. उशीर करू नका. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. स्पीड पोस्टाची पावती थर्मल कागदाची असते, वर्षभरात कोरी होते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा. पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरणात 'अपील पाठवलं होतं' हे सिद्ध करायला ती पावतीच लागते, आणि मी कोऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या फायली पाहिल्यात.

अपिलात रडगाणं नको. दोन-तीन पानं पुष्कळ झाली. बोर्डाने दिलेलं कारण शब्दशः उतरवायचं आणि त्यालाच उत्तर द्यायचं. नेहमीचं कारण असं असतं: सुरुवात शांतता क्षेत्रात, इंज्युरी रिपोर्ट नाही, म्हणून नाना. पहिल्या भागाला उत्तर हे, की आजारासाठी शांतता-फील्ड हा फरक विचारात घेतला तरी दुखापतीला तो लागू होत नाही. पुण्याच्या मैदानावर पीटी करताना मोडलेला घोटाही ड्युटीवरच मोडलेला असतो. दुसऱ्या भागाला उत्तर पार्ट टू ऑर्डर आणि केस शीटच्या तारखांनी द्यायचं. भरतीच्या वेळी पाय ठीक होता, तेव्हाच्या कागदावर काही नोंद नाही, हा तिसरा मुद्दा. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भरतीवेळी नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं आणि नकाराचं कारण बोर्डाने द्यायचं. मात्र तो निकाल पात्रतेच्या १९८२ च्या नियमांवरचा आहे. १ जानेवारी २००८ नंतर निवृत्त झालेल्यांच्या प्रकरणात सरकार २००८ चे नियम पुढे करतं. त्यामुळे नुसत्या धरमवीरवर विसंबून न राहता कारण-परिणामाची साखळी तारखांनी जोडायलाच हवी. काही वेळा समिती पुन्हा तपासणीला बोलावते, आपल्या भागातून बोलावणं पुण्याच्या कमांड हॉस्पिटलचं येऊ शकतं. तेव्हा वर बोर्डाबद्दल लिहिलेलं सगळं परत लागू.

पहिलं फेटाळलं तर सहा महिन्यांत दुसरं, सेकंड ॲपेलेट कमिटीकडे. तेही गेलं, किंवा अपील देऊन सहा महिने उत्तरच नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. महाराष्ट्र मुंबई खंडपीठाकडे येतो. रात्री देवगिरी एक्सप्रेस धरली की सकाळी मुंबई. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा. उशीर असेल तर तो माफ करण्याचा वेगळा अर्ज, कारणासह. पेन्शनचा अन्याय दर महिन्याला नव्याने होतो, म्हणून जुनी प्रकरणंही ऐकतात, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालामुळे थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. १९९८ ला निवृत्त झालेला माणूस २०२५ ला गेला तर मधली वर्षं गेलीच. वकील करायचा तर आधी फी लेखी ठरवा. थकबाकीचा हिस्सा मागणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्जाचे नमुने आणि रेकॉर्ड ऑफिसचे पत्ते मिळतात. तिथे एकदा जाणं फुकट जात नाही. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध दोन्ही बाजूंना उच्च न्यायालयात रिट करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये परशोतम दास प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणजे जिंकल्यावरही सरकार पुढे जाऊ शकतं. निकालाच्या दिवशी पेढे वाटायची घाई नको.

सिव्हिल हॉस्पिटलच्या प्रमाणपत्राबद्दल रोज कुणीतरी विचारतं. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावर, घोट्याचे ४२ टक्के मिळाले, मग फौजेचे नाही का मिळणार? नाही. ते प्रमाणपत्र २०१६ च्या दिव्यांग कायद्याखाली, मोजायची पद्धत वेगळी, आणि त्यात 'कशामुळे' हा प्रश्नच नसतो. एसटीच्या सवलतीला ते चालेल. अपिलात जोडलंत तर समिती बाजूला ठेवते. तपासणीचा तपशीलवार अहवाल असेल, अंश आणि सेंटिमीटर लिहिलेला, तर तो मात्र जोडा.

मंजुरी आली की स्पर्शवर, म्हणजे संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर, दुरुस्त पीपीओ दिसतो. आधारवरचं नाव आणि सेवेतलं नाव जुळत नसेल तर काम इथे पुन्हा अडतं. रेकॉर्डला नुसतं नाव आणि आधारवर नाव-वडील-आडनाव, हे आपल्याकडे घरोघरी आहे. ते आधीच निस्तरून ठेवा. पीपीओत चार जागा पेन्सिलने तपासायच्या. टक्के ब्रॉड बँडिंगनंतरचे आहेत का. लागू होण्याची तारीख निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसाची आहे की निकालाने ठरवलेली. मुदत 'फॉर लाइफ' आहे की ठराविक वर्षांची. ७ फेब्रुवारी २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्रानंतर कायमच्या दुखण्याला दर काही वर्षांनी फेरतपासणी लागत नाही, पेन्शनरने स्वतः मागितली तरच होते. आणि चौथी, पगार कोणता धरला. मिलिटरी सर्व्हिस पे सुटलेला असेल तर वरच्या उदाहरणात ७,२०० ऐवजी ६,४२० येतात, आणि ७८० रुपयांचा तो फरक दर महिन्याला, महागाई भत्त्यासकट, तसाच कमी पडत राहतो. तशी चूक दिसली तर स्पर्शवरच तक्रार टाकायची, शेवटच्या पगाराचा कागद जोडायचा आणि तक्रारीचा क्रमांक फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचा.